बिडाचा तवा घ्यावा का?

आज बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्यावर घावणे काढले, एकही चिकटला नाही! फार आनंद झाला. नवा तवा आणला की लगेच घावण्याचं पीठ ओतू नका. आधी धुऊन, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर येईपर्यंत तापवा. असं चार-पाच वेळा. तापून तेलाचा कडक थर बसतो, तोच पदार्थ चिकटू देत नाही. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसपुढे खराब व्हायला लागतो, इथे ती धास्ती नाही. वजन मात्र भारी. मनगट दुखत असेल तर आधी दुकानात उचलून बघा. ओला ठेवलात तर गंजणारच. थालीपीठ इतकं खरपूस मला दुसऱ्या कशावर जमलेलं नाही. घरात आजीचा जुना तवा असेल तर तोच घासून वापरा, नवा घेऊ नका.