बूट नसलेलं माकड

लायब्ररीतल्या काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही पुस्तकं उलटीपालटी करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "चलयेक न्हय?" म्हणजे मुलीसाठी ना? मी हो म्हटलं. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी कुठं सांगत बसू की बाई, चौदा-पंधराची पोरं वाचतात ती ही पुस्तकं मलाच वाचायची आहेत आणि माझी पोर तर घरी मोबाइल घेऊन लोळतेय.

ही पणजीची सेंट्रल लायब्ररी, १८३२ पासूनची, आता पाटोवर मोठ्या बिल्डिंगीत आहे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ती मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या जुन्या इमारतीत होती आणि तिथं आत शिरताना भिंतीवर निळ्या टाइल्सची मोठमोठी चित्रं, पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग, जहाजं, समुद्र, दाढीवाले लोक. कोण कुणाशी भांडतंय काही कळायचं नाही, पण पुढच्या चित्रात काय झालं ते बघावंसं वाटायचं, आणि त्या नादात पुस्तक बदलायचं राहून जायचं. म्हणजे बघा, पहिलं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांची कादंबरी, मी उभ्याउभ्याच वाचलं, तेही न कळता.

खरं सांगायचं तर मधलं वय वाचनात माझं गाळलंच गेलं. आमच्यासारख्यांचं तेव्हा फोंड्यात ठरलेलं असायचं, चौथीपर्यंत मराठी प्रायमरी आणि पाचवीला एकदम इंग्लिश हायस्कूल. मराठी गोष्टीची पुस्तकं वाचणं लहानपणाचं वाटायला लागलं आणि इंग्लिश वाचायचं तर दर ओळीला डिक्शनरी, मग कोण वाचतंय. नववी-दहावीत नुसत्या गाइडा वाचल्या आणि पुढे एकदम मोठ्यांच्या जाड कादंबऱ्या. मराठीत त्या वयाचं काही नाही असं नाही हां, मिलिंद बोकीलांची 'शाळा' नववीतल्या पोराचीच आहे, पण ती मोठ्यांच्या शेल्फवर, मी वाचली तेव्हा ही कार्टी माझ्या पोटात होती.

अमेरिकेत बाकी या वयासाठी वेगळं शेल्फ करून ठेवलंय. एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली १९६७ ला, तेव्हा ती स्वतः १८ वर्षांची. त्याच साली इकडे अमर चित्रकथा सुरू झाली आणि त्याच जानेवारीत गोव्यात ओपिनियन पोल, महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आमच्या घरात फूलवाले आणि पानवाले अजून चतुर्थीला जेवता जेवता भांडतात, ते असो.

तर त्या दिवशी घेतलेलं पहिलं पुस्तक जीन लुएन यांगचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज'. २००६ चं आहे, पुढच्या वर्षी त्याला प्रिन्ट्झ अवॉर्ड मिळालं, किशोरांच्या पुस्तकांसाठी असतं ते, आणि चित्रांच्या कादंबरीला ते पहिल्यांदाच मिळालं. त्यात एक माकडांचा राजा आहे, मोठ्या हौसेनं देवांच्या पार्टीला जातो आणि दारावरचा त्याला आत सोडत नाही, का, तर पायात बूट नाहीत. मी कदंबाच्या बसमध्ये एकटीच हसले, कारण आमच्याकडे देवाच्या दारात चपला काढाव्या लागतात. पण पुढच्या पानावर हसू गेलं. राजा घरी परत येतो आणि आपल्याच महालातला माकडांच्या केसांचा वास त्याला पहिल्यांदा जाणवतो, आणि मग तो फतवा काढतो की आजपासून सगळ्या माकडांनी बूट घालायचे.

बस बाणास्तरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि मला एकदम आमचं पाचवीचं वर्ष आठवलं. वर्गात कॉन्व्हेंटच्या प्रायमरीतून आलेल्या मुली फटाफट बोलायच्या, आम्ही मराठीवाल्या मागच्या बेंचवर. मी घरी येऊन फतवा काढला, शीत म्हणायचं नाही, राइस म्हणायचं. आजीनं बिचारीनं दोन दिवस रायस रायस केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, ज्याला रायस पाहिजे त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यावा.

फोंडा येईपर्यंत पुस्तक संपलंसुद्धा. मला वाटलं फसवणूकच आहे, दोनशे पानं आणि तास-सव्वा तासात खलास. घरी मी असं म्हटलं तर पोरीनं मोबाइल बाजूला ठेवला (हे दुर्मीळ) आणि पुस्तक चाळून म्हणाली, "आई, तू नुसते बबल वाचलेस." खरंच होतं. फुग्यांतलं बोलणं सोडून मी चित्राकडे बघतच नव्हते, पेपर वाचतो तसं वाचत सुटलेले. मग तिनंच सांगितलं की दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या फटीला गटर म्हणतात. आमच्याकडे जूनमध्ये गटर म्हटलं की पंचायतीला शिव्या घालायच्या एवढंच माहीत, पण इथं सगळी गंमत त्या गटरातच. एका चौकटीत मुलगा दारात उभा, पुढच्या चौकटीत दार बंद. आत गेला की परत गेला, ते आपण ठरवायचं.

दुसरं पुस्तक, मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस', मग मुद्दाम चार दिवस पुरवलं. इराणमधलं तिचं लहानपण, नुसतं काळं-पांढरं. तिचे आईबाप तुर्कस्तानला जातात आणि लेकीसाठी बंदी असलेल्या बँडची पोस्टरं आणायची म्हणून आई ती बापाच्या कोटाच्या अस्तरात शिवते, शिवलेला कोट घालून तो बिचारा हातसुद्धा नीट हलवू शकत नाही. त्या पानावर मी बराच वेळ होते. अठराव्या वर्षी वाचलं असतं तर ती मुलगी मीच असं वाटलं असतं, आता मी सुईदोरावाली.

पण सुरुवातीचं पान वेगळंच. १९८० साल, मुली शाळेत पहिल्यांदा डोक्यावर रुमाल घालून आल्यात, वर्गाचा फोटो, आणि ती सांगते की मी अगदी डाव्या कडेला बसलेय म्हणून दिसत नाही. चौकटीच्या बाहेर.

रात्री मी कपाटातून पाचवीचा फोटो शोधून काढला. ओल लागून कोपरा चिकटलेला, टीचरच्या साडीवर बुरशी. पोर वाकून बघायला लागली, एकेक चेहरा बोटानं.

"यात तू कुठं?"

"मागच्या रांगेत, त्या उंच मुलीच्या मागे. ती रिबिनीची वेणी दिसते ना, तेवढीच."