कोपरापर्यंत हात

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं मुख्याध्यापक फादरांचं पत्र आलं. ते वाचता वाचता माझ्या उजव्या हाताची बाही मी कधी वर सारली ते माझं मलाच कळलं नाही. त्या काळात बोर्डिंगला असलेल्यांना हे सांगायला नको. बोर्डिंगच्या धान्याच्या कोठीत पाऊल टाकलं की सर म्हणायचे, "पोत्यात कोपरापर्यंत हात घाल रे. वरवर पाहून दाणा कळत नसतो."

सरांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत गणिताचे शिक्षक कितीतरी होऊन गेले, कोठीवाले सर मात्र एकच.

माझे वडील चाळीसगावकडे रेल्वेत गँगमन होते. आज इथे तर उद्या तिथे, म्हणून १९७१ साली पाचवीत त्यांनी मला बोर्डिंगला आणून सोडलं. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. लाल मिलो ज्वारीची भाकरी आम्ही सगळ्यांनीच खाल्ली आहे. थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. त्यानंतर जेव्हा पुन्हा चांगली दादर ज्वारी कोठीत आली, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी पहिल्या भाकरीवर क्रूसाची खूण केली होती. मावशी अमळनेरकडच्या आणि ख्रिस्ती नव्हत्या, पण आमचं पाहून पाहून करायच्या.

आठवीत कोठीची किल्ली माझ्याकडे आली. काम सोपं होतं. पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर ठेवायची, थरांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा आणि दर शनिवारी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहायचं. आत गार लागलं तर ठीक. ऊब लागली तर समजायचं की सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, पडलेत, लगेच उपसून उन्हात घालायचं. पावसाळ्यात तर एकही शनिवार चुकवायचा नाही, ही सक्त ताकीद.

१९७४ च्या पावसाळ्यात मी तीन शनिवार चुकवले. कबड्डीचे सामने होते आणि मी चढाईला होतो, एवढंच कारण. वहीत मात्र तिन्ही शनिवारी "पाहिले, ठीक" असं लिहून मोकळा झालो. पोळ्याच्या आदल्या दिवशी मावशींनी सूप घेऊन दाणे काढले आणि तिथूनच ओरडल्या, "पोऱ्या, दादरले कीड लागनी ना रे!" मी हात घातला. आत चुलीजवळ असावं तशी ऊब होती. हात बाहेर काढला तर कोपरापर्यंत पांढरी भुकटी आणि तिच्यावरून चालणारे बारीक काळे किडे. तो आंबूस वास मला आजही ओळखता येईल.

सर आले. माझी वही त्यांनी पाहिली, तिन्ही शनिवार पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आता किल्ली काढून घेतील. त्यांनी कोपऱ्यातलं दुसरं सूप उचललं आणि माझ्यासमोर फतकल मारून बसले. तीन संध्याकाळी आम्ही दोघं पाखडत होतो. दोन पोत्यांतलं एक कसंबसं वाचलं. तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं तेव्हा एवढंच म्हणाले, "किल्ली मी तुला दिली. जबाबदारी कुठे दिली? ती माझीच होती. मीही तीन शनिवार आलो नाही." मग थोडं थांबून, "पण न पाहता पाहिलं म्हणून लिहिलंस, ते तुझं. ते फादरांपुढे पापनिवेदनात सांग." मी सांगितलं.

दहावीत असताना वार्षिक हिशेब उतरवून काढायला त्यांनी मला बसवलं. सप्टेंबर १९७४ च्या पानावर त्यांच्या तिरप्या अक्षरात होतं: "दादर १ पोते, कीड. दुर्लक्ष माझे." खाली जमेच्या बाजूला त्या पोत्याची रक्कम त्यांच्याच नावावर. पगारातून भरलेली. मला कधी कळू दिलं नव्हतं.

रविवारच्या धर्मशिक्षणात लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी शिकवताना ते म्हणायचे, "तुमच्या आया तुमच्या वडिलांना काय म्हणतात? कारभारी. काही जणी मालक म्हणतात, पण कारभारी हाच शब्द खरा. घर देवाचं, पोरं देवाची. आपण हिशेब द्यायचा." शनिवारी रात्री त्यांच्या घरासमोरून गेलं तर सर ओट्यावर बसून रविवारच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, घरातल्या सगळ्यांच्या चपला पुसून ओळीने मांडत असत. बाईंच्याही. त्या काळी खान्देशात कोणता पुरुष बायकोच्या चपलेला हात लावत होता? आम्ही मुलं कुजबुजायचो. त्यांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

पुढे मी रेल्वेच्या भांडार विभागात लागलो, भुसावळलाच बरीच वर्षं काढली आणि डेपोचा प्रमुख होऊन निवृत्त झालो. एकाही तपासणीत माझ्या शिल्लकेत फरक निघाला नाही, हे अभिमानाने लिहितो, कारण तो अभिमान सरांचा आहे. नऊ वर्षं मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अर्थसमितीवर आहे. तिथे एकदा फादरांनी १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, १२८४ वं कलम समजावून सांगितलं. चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याने चांगल्या गृहस्थासारखी दक्षता ठेवावी, असं त्यात आहे. मला तर ते कलम सरांना पाहूनच लिहिल्यासारखं वाटलं. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून संत योसेफाचं वर्ष जाहीर केलं, तेव्हा आमच्या पुरुषांच्या गटात मला बोलायला सांगितलं होतं. शुभवर्तमानात संत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. मी काय बोलणार? सरांच्या ओट्यावरच्या चपलांबद्दल बोललो. त्या शनिवारी दोघातिघांनी घरी जाऊन तसं केलं, असं नंतर त्यांच्या बायकांकडून कळलं.

सर गेले तेव्हा माझ्या डेपोत वर्षअखेरची मोजणी चालू होती. साहेबांकडे एक दिवस मागितला असता तर मिळाला असता. मी मागितला नाही. त्याचा हिशेब अजून माझ्याकडे बाकी आहे.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. बोर्डिंग बंद झालंय, कोठीच्या जागी संगणक कक्ष आहे, मुलं हुशार दिसली. कोठीची जाड सागवानी फळी मात्र पायरी म्हणून बसवलेली पाहिली आणि तिच्यावर पाय द्यायला मन झालं नाही. मी कडेने गेलो.

फादर, एक विनंती आहे. कार्यालयातल्या जुन्या कपाटात लाल पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या वह्या असायच्या. वाळवीने सोडल्या असतील तर १९७४ ची तेवढी बाजूला काढून ठेवा. कार्यक्रमाला मी आदल्या दिवशीच येतोय. सप्टेंबरचं पान मला एकदा पाहायचं आहे.