छोट्या टॉयलेटचं काम: वास भिंतीतून येत होता!

मंडळी, सापडला एकदाचा! फरशी झाली, कमोड बसला, बेसिन लागलं आणि त्यानंतर जो गटाराचा वास मानगुटीवर बसला होता, त्याचा उगम अखेर हाती लागला. मागच्या नोंदीत मी त्याचा ओझरता उल्लेख केला होता. तुमच्यापैकी बहुतेकांनी बोट नहाणी ट्रॅपकडे (फरशीच्या जाळीखालचं, पाणी धरून गटाराची हवा अडवणारं वळण) दाखवलं होतं, थोड्यांनी कमोडच्या पॅन कनेक्टरकडे, म्हणजे कमोड आणि मैलापाइप यांच्यातल्या सांध्याकडे. दोन्ही निर्दोष निघाले. पण नहाणी ट्रॅपवाल्यांनी हे वाचून सोडू नये, कारण नोंदीच्या शेवटी तोच पुन्हा येणार आहे.

आधी चांगली बातमी. फरशीचा उतार अगदी मनासारखा उतरलाय. 1.2 बाय 1.5 मीटरच्या खोलीत दारापासून कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत मीटरला साधारण 12 मिलिमीटर उतार धरला होता. तांब्याभर पाणी ओतलं की ते कुठेही न घुटमळता जाळीकडे जातं. जाळीही नेहमीची गोल स्टीलची घेतली नाही. टाइल इन्सर्ट प्रकारातली, म्हणजे स्टीलच्या चौकोनी ट्रेमध्ये फरशीचाच तुकडा बसतो आणि कडेने बारीक फट राहते. ग्राउटच्या, म्हणजे फरशांच्या फटींमधल्या भरावाच्या, रेषा त्या तुकड्यावरून सरळ पुढे जातात. दार उघडलं की माझी नजर पहिल्यांदा तिथेच जाते. एपॉक्सी ग्राउटबद्दल इतकंच सांगते: थोडं थोडं कालवा आणि फरशीवरचा पांढुरका थर लगेच पुसा. वाळला की तो हटता हटत नाही. सिमेंट ग्राउट हाताळायला सोपं असतं हे मान्य, पण कमोडच्या आजूबाजूला तरी मी पुन्हा ते वापरणार नाही.

आता वासाकडे. लक्षणं विचित्र होती. वास सतत नसायचा. सकाळी दार उघडलं की काही नाही. आत जाऊन दार लावलं, हवा बाहेर फेकणारा भिंतीतला पंखा चालू केला, की मिनिट-दोन मिनिटांत कुजक्या अंड्यासारखा वास. बाहेर येऊन पुन्हा आत गेलं तर कधी यायचा, कधी नाही. यातला थोडा गोंधळ आपल्या नाकाचाच असतो. हायड्रोजन सल्फाइड हवेत अगदी नगण्य असला तरी नाक तो पकडतं, पण तितक्याच लवकर त्याला सरावतंही. म्हणून वास शोधायचा असेल तर एकटीने शोधू नये. धाकटी बहीण राहायला आली तेव्हा तिला बाहेर मोकळ्या हवेत थांबवून एकेकदा आत बोलवायचे. तिचं नाक दारातच सांगायचं, आहे की नाही.

पहिला संशय अर्थातच नहाणी ट्रॅपवर. आपल्या या छोट्या टॉयलेटांचा मूळ दोषच तो. इथे कोणी अंघोळ करत नाही, फरशीवर रोज पाणी पडत नाही, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि सील, म्हणजे हवा अडवणारा पाण्याचा थर, संपतं. मी बादलीभर पाणी ओतलं, वर चमचाभर खाद्यतेल सोडलं. तेलाचा तवंग बाष्पीभवन चांगलंच रोखतो. वास तसाच.

मग बेसिनखालचा बाटलीच्या आकाराचा ट्रॅप, बॉटल ट्रॅप. फ्लश केल्यावर मोठ्या पाइपमधून पाणी जोरात खाली जातं, मागे हवा खेचली जाते आणि शेजारच्या ट्रॅपचं पाणी त्या ओढीने निघून जाऊ शकतं. पाइपला हवेसाठी व्हेंट नसेल तर हा प्रकार सहज होऊ शकतो. फ्लश करताना बेसिनमधून गुडगुड आवाज येतो का, ते कान लावून ऐकलं. काही नाही. फ्लशनंतर ट्रॅपचा खालचा कप काढून पाहिला, पाणी काठोकाठ. कमोडच्या मागे टिश्यूची पट्टी धरली, ढिम्म. कमोड हलवून पाहिला, जराही डुगडुगला नाही. त्याच्या बुडाभोवती मी पांढरं सिमेंट न भरता सॅनिटरी सिलिकॉन लावलंय, आणि मागच्या बाजूला मुद्दाम बोटभर जागा मोकळी ठेवलीये. कनेक्टर गळला तर पाणी तिथून बाहेर दिसावं, फरशीखाली मुरत बसू नये म्हणून. तिथेही कोरडं ठणठणीत.

इथे मी अडकले होते. जाळी उखडायची, फरशीचा तुकडा तोडायचा, खालचा ट्रॅपच बदलायचा, इथपर्यंत मन गेलं होतं. वॉटरप्रूफिंगचे दोन थर आणि पाणी साठवून घेतलेली चाचणी डोळ्यांसमोर आली आणि हातोडा खाली ठेवला.

सुटका झाली ती साध्या हिशेबाने. वास पंखा चालू असतानाच येतो, ही गोष्ट मी आतापर्यंत फक्त लक्षण म्हणून धरत होते. म्हटलं, पंखाच ओढत असेल तर किती जोराने ओढत असेल? 1 मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण 10 पास्कल दाब. ट्रॅपचं सील 50 मिलिमीटरचं धरलं, तर ते फोडून हवा आत यायला निदान 500 पास्कल लागतील. भिंतीत बसणारे हे छोटे पात्यांचे पंखे खोली पूर्ण बंद असली तरी सहसा काही दहा पास्कलांपलीकडे जात नाहीत. म्हणजे पंख्याने सील काही मिलिमीटर हलेल, फुटणं शक्यच नाही. तेव्हा जिथे जिथे पाण्याचं सील आहे, त्या सगळ्या जागा एका फटक्यात यादीतून बाद. हवा येते ती अशा वाटेने, जिथे पाणी मुळात आडवं येतच नाही.

अशी वाट खोलीत एकच उरली होती.

बॉटल ट्रॅपची मागची नळी भिंतीत जिथे शिरते, तिथे ती चकचकीत क्रोमची गोल चकती असते ना, फ्लँज? पंखा लावला, दार बंद केलं, टिश्यूची अगदी बारीक पट्टी फाडून फ्लँजच्या कडेशी धरली. पट्टीचं टोक भिंतीपासून लांब उडालं आणि तसंच थरथरत राहिलं. पंखा बंद केला, पट्टी खाली पडली. पुन्हा लावला, पुन्हा उडाली. त्या क्षणी झालेला आनंद इथल्या लोकांनाच कळेल!

फ्लँज मागे सरकवली. भिंतीतला जुना पाइप आतून 50 मिलिमीटरचा, त्यात शिरलेली नवी नळी 32 मिलिमीटरची. चहूबाजूंनी 9 मिलिमीटरची गोल फट पूर्ण उघडी. क्षेत्रफळ काढलं तर साडेअकरा चौरस सेंटिमीटर भरतं. हा पाइप भिंतीतून थेट मैलापाण्याच्या उभ्या पाइपला मिळतो, मध्ये एकही ट्रॅप नाही. बॉटल ट्रॅप आपलं काम चोख करत होता, पण तो नळीच्या आतली हवा अडवतो, नळीच्या बाहेरून येणारी नाही. आणि फ्लँज ही निव्वळ शोभेची वस्तू, तिला सील म्हणायची सोयच नाही.

मग हा वास पूर्वी का यायचा नाही? कारण जुन्या टॉयलेटला पंखाच नव्हता. वरती काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती आणि दाराखाली बोट जाईल एवढी फट. हवा आपली येत-जात होती, भिंतीतून ओढायला कोणी नव्हतं. आता खिडकीच्या जागी 150 मिलिमीटरचा पंखा बंदिस्त बसलाय आणि नव्या दाराला चौकटभर रबरी पट्टी आहे. पंख्याच्या खोक्यावर ताशी 200 घनमीटर लिहिलंय. खोलीत सगळी मिळून सव्वाचार घनमीटर हवा. म्हणजे दीडएक मिनिटाच्या आत अख्खी खोली उपसायची त्याची तयारी, आणि बदली हवा यायला दारातून वाटच नाही. मग ती भिंतीतून येणार नाही तर काय!

सध्या 50 बाय 32 चा रबरी रिड्यूसर, म्हणजे मोठ्या पाइपात बारीक नळी घट्ट बसवणारं रबर, बसवलाय. भिंतीतल्या पाइपचं तोंड आतून स्वच्छ घासलं, कडेला साबणाचं पाणी लावलं, रबर आत ढकललं आणि मग नळी. टिश्यू ढिम्म. बहिणीला बोलावलं, तिने दोनदा हुंगून मान हलवली. वास गेला.

इथे एक तळमळीने सांगते. ही फट सिलिकॉनने किंवा एपॉक्सी पुट्टीने बुजवू नका. बॉटल ट्रॅप साफसफाईसाठी अधूनमधून उतरवावा लागतो, आणि तेव्हा नळी भिंतीतून सहज सुटली पाहिजे. हे रबर ट्रॅपच्या खोक्यातच यायला हवं. चकचकीत फ्लँज देतात आणि गरजेची गोष्ट वगळतात, याचा मला खरोखर राग येतो. बेसिन बसवून घेताना प्लंबरदादांना ती नळी भिंतीत शिरते तिथे काय घातलंय, एवढं जरूर विचारा आणि फ्लँज सरकवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर उत्तम. स्वस्तातलाही चालतो, फक्त त्याचा फोकस ठरावीक अंतरावरच बसतो, त्यामुळे पाइपमध्ये पुढे-मागे सरकवत बघावं लागतं. मला त्यातून पाइपच्या आतला जोड सुस्थितीत दिसला, हा मोठाच दिलासा.

पण हवेचा प्रश्न उरतोच. पंख्याला हवा हवी आणि दाराखाली फट ठेवायला हवी. दार 700 मिलिमीटर रुंद आहे. खालून 15 मिलिमीटर कापलं तर 105 चौरस सेंटिमीटर वाट मिळते, आणि पंख्याचं तोंड 177 चौरस सेंटिमीटरचं. तेवढी वाट द्यायची तर 25 मिलिमीटर कापावं लागेल. हे दार बैठकीच्या खोलीत उघडतं, एवढी फट नको वाटते. दारात जाळीची झडप बसवायचं ठरवत आले होते, आणि आत्ता हे आकडे इथे मांडताना लक्षात येतंय की पंखाच गरजेपेक्षा मोठा आहे. सव्वाचार घनमीटरच्या खोलीत ताशी 20 वेळा हवा बदलली तरी 85 घनमीटर पुरतात. 100 मिलिमीटरचा छोटा पंखा साधारण तेवढं काम करेल. त्याचं तोंड 78 चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे 15 मिलिमीटरची फट त्याला भरपूर. आवाजही कमी. झडपेचा बेत रद्द! 150 च्या भोकावर ॲक्रिलिकची तबकडी कापून मध्ये 100 चं भोक पाडते, म्हणजे भिंत फोडायला नको. मोठा पंखा स्वयंपाकघरात उपयोगी पडेल.

आणि आता नहाणी ट्रॅप. तो निर्दोष होता, पण आज पाणी आहे म्हणून. महिनाभर कोणी ओतलं नाही तर तोही सुकणार, पंख्याच्या वाऱ्याने जरा लवकरच. तेलाचा चमचा हा कायमचा इलाज नव्हे. रबर बसवताना बेसिनखाली वाकून बसले होते, तेव्हा दिसलं की जाळी बरोबर त्याच कोपऱ्यात, बेसिनच्या खालीच आहे. मग बेसिनचं पाणी भिंतीत सोडायचंच कशाला? नळी सरळ खाली आणून जाळीतून ट्रॅपमध्ये सोडली, तर प्रत्येक वेळी हात धुतले की सील आपोआप भरेल. भिंतीतलं तोंड टोपण लावून कायमचं बंद करता येईल, म्हणजे वासाची ती वाटच संपली. पुष्कळ जुन्या घरांत असंच असतं आणि त्यामागे चांगली अक्कल आहे. बॉटल ट्रॅप मात्र ठेवणार, नळीच्या आतल्या बुळबुळीत थराचा वास त्याच्यामुळेच वर येत नाही. आणि नळीचं टोक ट्रॅपमधल्या पाण्याच्या वरच ठेवायचं, पाण्यात बुडवायचं नाही, नाहीतर दोन सीलांच्या मध्ये हवा कोंडते आणि बेसिन संथ रिकामं होतं.

यापायी बेसिनखालचं कपाट गेलं. त्याचं माप काढून ठेवलं होतं, पण ज्या जोडावर नजर ठेवायची तोच त्याच्याआड जाणार. त्याऐवजी अर्धा पेडेस्टल, म्हणजे बेसिनखाली भिंतीला लागणारं आवरण, घेईन. नळी झाकली जाते आणि दोन स्क्रू काढले की सगळं उघडं.

जीवावर येतंय ते एकच, माझी टाइल इन्सर्ट जाळी. नळीसाठी तिच्यातल्या फरशीच्या तुकड्याला आणि खालच्या स्टीलच्या ट्रेला 35 मिलिमीटरचं भोक पाडावं लागेल. फरशीला डायमंड कोअर बिट, हॅमर मोड बंद, सुरुवात तिरकी धरून, पाणी सोडत, हळूहळू. यात स्वस्तातलं बिट घेऊ नका, व्हिट्रिफाइड फरशीवर ते तापून लाल होतं आणि कडा टवके उडवून जातं. ट्रेला बायमेटल होल सॉ. उरलेल्या फरशीतून तसाच तुकडा कापून ठेवलाय, आधी भोक त्यावर. मूळ तुकडा शाबूत राहील. नवा जमला तर तो बसवेन, आणि ग्राउटची रेषा नळीच्या बरोबर मध्यातून जाईल असं भोक आखायचं ठरवलंय. कोणी टाइल इन्सर्ट जाळीतून अशी नळी काढली असेल तर भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट घातलं की मोकळं ठेवलं, तेवढं सांगा. मोकळं ठेवावं असं मला वाटतंय, फरशीवरचं पाणी जायला तेवढीच जास्तीची जागा.