बिनचेहऱ्याचे मेंदू आणि काकांची फिल्म

आमच्या लॅबमध्ये मेंदू येतात ते बिनचेहऱ्याचे. एमआरआयच्या फाइलमधून नाक, डोळे, गाल, कपाळ सगळं हॉस्पिटलातच खरवडून काढतात, नावाच्या जागी आकडा टाकतात आणि मग ती आमच्याकडे येते. कुठला आकडा कुणाचा, ती यादी तिकडेच कुलपात. पेनड्राइव्ह लावायचा नाही, घरून फाइल उघडायची नाही, आणि फाइल बिघडलेली निघाली तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. परवा तशी एक निघाली म्हणून हे लिहितेय, कारण इथे जर्मनीत, येनामध्ये रडगाणं गायची सोय नाही. इथल्यांना यात काही वावगं वाटतच नाही.

बिघडली म्हणजे चेहरा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने कपाळाबरोबर कपाळामागचा मेंदूही थोडा उडवला. आणि माझं काम नेमकं काय, तर फिट येणाऱ्या पेशंटच्या मेंदूत ती कुठून सुरू होते आणि कुठल्या वाटेने पसरते, याचं गणिती मॉडेल करायचं. एमआरआयच्या एका प्रकारात मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतंय ते दिसतं. त्यावरून मज्जातंतूंचे जुडगे कसे गेलेत याचा अंदाज बांधायचा, मेंदूचे शे-दीडशे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला तिथल्या पेशी एकमेकींना कशा चेतवतात-दाबतात याची समीकरणं लावायची (विल्सन आणि कोवन यांची १९७२ची अजून झकास चालतात) आणि सिग्नल पोचायला अंतराप्रमाणे उशीर घालायचा. वाट १० सेंटिमीटर, वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे उशीर १० मिलिसेकंद. एवढासाच, पण तो शून्य धरला की मॉडेलमधल्या लहरींचा ताल पार बदलतो. तेव्हा कपाळामागचा कोपरा नसलेला मेंदू घेऊन मी काय करू? तिथे जाणाऱ्या सगळ्या वाटा अधांतरी.

वाटांवरून आमच्या क्षेत्रात जुनं भांडण आहे. सिग्नल सगळ्यात जवळच्या वाटेने जातो, असं धरून खूप काम झालंय. पण ठाण्याहून पनवेलला जायचं तर आपण ठाण्यालाच ट्रान्स-हार्बर पकडतो, कुर्ल्याला जाऊन हार्बर धरत नाही, कारण नकाशा डोक्यात असतो. सिग्नलच्या डोक्यात कसला आलाय नकाशा? मग दुसरी मंडळी म्हणतात, तो दिसेल त्या फाट्याने पसरतो. पण तसं भरकटत जायला फार वेळ लागेल. २०१८मध्ये तिघांनी दाखवलं की प्रत्येक टप्प्यावर मुक्कामाच्या जास्तीत जास्त जवळ नेणारा शेजारी निवडत गेलं, तरी मेंदूच्या जाळ्यात बहुतेक वेळा नीट पोचता येतं. मला हे आवडतं. सिद्ध झालंय असं मात्र नाही.

असो. मी डेटा सांभाळणाऱ्या बाईंशी वाद घातला. चेहऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात? त्यांनी शांतपणे २०१९चा अमेरिकेतला एक अभ्यास पुढे सरकवला: ८४ जणांचे एमआरआय आणि फोटो, चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ७० जण बरोबर जुळवले. माझ्याकडेही हुकमाचा एक्का होता. २०१५मध्ये १२६ जणांवर झालेल्या कामात मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांवरूनच माणूस ओळखता आला होता, अगदी बोटाच्या ठशासारखा. मग चेहरा काढून उपयोग काय? बाई म्हणाल्या, "म्हणूनच तर बिनचेहऱ्याची फाइलही बाहेर जात नाही." पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. "तुमच्याकडे नाहीत का असे नियम?" हा प्रश्न आलाच. "डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे!" मी छाती काढून सांगितलं.

ठाण्यातल्या, नौपाड्यातल्या आमच्या घरच्या ट्यूबलाइटबद्दल बोलले नाही. दिवाळीला घरी गेले होते तेव्हा मोठ्या काकांचा एमआरआय झाला होता. काकू ती भलीमोठी काळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या. कोपऱ्यात काकांचं नाव, वय, डॉक्टरांचं नाव, सगळं ठळक. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी काकांचा मेंदू पाहिला. फोटो फॅमिली ग्रुपवर: "मेंदूवाल्या मॅडमनी सांगावे." मी म्हटलं, "काका, मी रेडिओलॉजिस्ट नाही, मला यातलं ओ की ठो कळत नाही." "मग जर्मनीत करतेस काय?"

पण रिपोर्ट आणायला शेजारचा मुलगा गेला, डबा खालच्या मजल्यावरून आला. इथे माझ्या समोरच्या आजींना ॲम्ब्युलन्सने नेलं, त्यांना काय झालं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. विचारणं बरं दिसत नाही म्हणे! अशा वेळी ठाणं जिंकतं, एकदम शंभर टक्के.

आणि तरी. आमच्याच घरात एका भावाला फिट येतात, त्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही. गोळ्या गोदरेजच्या कपाटात, कपड्यांमागे. "स्थळं बघतोय, कुठे बोलू नकोस." ठाण्याची पोरगी म्हणून मनोरुग्णालयाचे विनोद मी जन्मभर ऐकलेत. १९०१पासून आहे ते, विनोदही तेवढेच जुने असावेत. हिंदू विवाह कायद्यातही वारंवार येणारी फिट १९९९पर्यंत वेडाच्या झटक्यांच्या जोडीला लिहिलेली होती. म्हणजे लपवालपवी आपल्याकडेही आहे, फक्त काकांच्या फिल्मला ती लागू नाही.

इथल्या लपवालपवीचं मूळ त्या बाईंनीच सांगितलं. माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या त्या याच गावात, १९२४ला. टिपणारे हान्स बर्गर. नाझी काळात हेच बर्गर इथल्या वंशस्वास्थ्याच्या वरच्या न्यायालयात, म्हणजे कुणाची नसबंदी करायची ते ठरवणाऱ्या न्यायालयात, बसत. १९३३च्या कायद्याने देशभरात सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली, आणि त्या कायद्याच्या यादीत आनुवंशिक फेफरंही होतं. नावं डॉक्टरांकडूनच जात. पुढे १९७०मध्ये जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा जर्मनीतल्याच हेसन राज्याने केला. बाईंच्या आवाजात हे सांगताना ना खंत, ना अभिमान. सुट्टीचे नियम सांगावेत तसं.

परत का येत नाहीस, असं विचारणाऱ्यांसाठी: मेंदूवर उत्तम काम आपल्याकडेही होतं, बंगळुरूला निम्हान्स आहे, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र (एनबीआरसी) आहे, मला माहितीये. पण फिटवरचं हे मॉडेल इथे अर्धं उभं आहे आणि अर्ज अडकलाय. तो मंजूर होईपर्यंत तरी मी हलत नाही, मग तुम्ही काहीही म्हणा.

काकांना कळवलंय की न्यूरॉलॉजिस्टलाच दाखवा, आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर निदान नावावर बोट ठेवून फोटो काढा. त्यांचं लगेच उत्तर आलं: "नाव झाकलं तर कुणाचं डोकं आहे ते कळणार कसं?"