मंडळाचं ॲप दोन्ही स्टोअरवर चढवताना: माझा अनुभव

गूगल प्ले आणि ॲपलचं ॲप स्टोअर, दोन्हीकडे चढवलेलं आमचं ॲप साधंच होतं. इंदूरच्या राजेंद्रनगर-लोकमान्यनगर भागातल्या मराठी मंडळासाठी गणेशोत्सवाचं वेळापत्रक, नाटकाच्या क्यूआर प्रवेशिका आणि ११ किंवा २१ उकडीच्या मोदकांची ऑर्डर. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप करण्याचं साधन) लिहिलेलं, लॉगिन मोबाइल नंबर आणि ओटीपीने. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. जूनच्या सुरुवातीला दोन्ही स्टोअरवर ॲप चढवायची खाती उघडली म्हणून वेळेत बसलं, जुलैत उघडली असती तर मोदक पुन्हा व्हॉट्सॲपवरच मोजावे लागले असते.

मंडळात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि ॲपही नकळत त्याच भरवशावर लिहिलं जातं. स्टोअरच्या वतीने ॲप तपासणारा मात्र परका असतो. त्याच्याकडे भारतीय सिम नाही, तो इंदुरात नाही आणि त्याला मराठी वाचता येत नाही, असं धरूनच चालावं. आमचं ॲप जितक्या वेळा परत आलं, त्यातल्या बहुतेक वेळा हा परका माणूस कुठेतरी अडलेला होता. कोडची चूक क्वचितच निघाली.

आधी गूगल प्ले. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू नसतील तर पैसे जात नाहीत, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या. संस्थेच्या नावाने खातं हवं असेल तर डन्स नंबर, म्हणजे संस्थांना मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, लागतो. तो फुकट मिळतो, पण नोंदणीपत्रावरचं नाव आणि डन्समधलं नाव तंतोतंत जुळायला हवं. मंडळाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं होतं, म्हणून आम्ही वैयक्तिक खातं घेतलं. त्याची किंमत वेगळी मोजावी लागली: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला बंद चाचणी, म्हणजे आधी निवडक लोकांनाच ॲप वापरायला देणं, सक्तीची आहे. किमान १२ परीक्षक, सलग १४ दिवस सामील. त्यानंतरच सर्वांसाठी प्रकाशित करण्याची परवानगी मागता येते. पूर्वी परीक्षकांचा आकडा २० होता.

मंडळात १२ माणसं काय, सत्यनारायणाला शंभर जमतात. अडचण जमवण्याची नव्हती, जीमेलची होती. यादीत जो ईमेल घालाल, त्याच खात्याने लिंक उघडून ‘परीक्षक व्हा’ म्हणायचं आणि फोनमधलं प्ले स्टोअरही त्याच खात्यावर हवं. काकूंच्या फोनमध्ये दोन जीमेल: एक त्यांचं, एक मुलाने फोन घेऊन देताना घातलेलं. लिंक पहिल्या खात्याने उघडली, प्ले स्टोअर दुसऱ्यावर, आणि पडद्यावर ‘ॲप उपलब्ध नाही’. दहापैकी चार फोनांत हेच निघालं. उपाय एकच: प्ले स्टोअर उघडा, उजवीकडच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा, तिथे जो ईमेल दिसतो तोच आम्हाला पाठवा. विचारून घेतलेला ईमेल घेऊ नका, तिथला स्क्रीनशॉट मागा. आणि १२ वर थांबू नका. मध्येच कुणी बाहेर पडला आणि संख्या १२ च्या खाली गेली तर सलगपणा तुटतो. आम्ही १८ जण ठेवले होते.

चौदा दिवसांनंतरच्या अर्जात विचारतात की परीक्षकांनी काय वापरलं, काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. इथे ‘सर्व छान चाललं’ लिहू नये. आलेल्या तक्रारी पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवल्या तर हा अर्ज अर्ध्या तासाचा. आमच्याकडे ‘मोदक घ्यायची वेळ निवडल्यावर मागे जाता येत नाही’ अशा सात नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे कोणत्या आवृत्तीत दुरुस्त केली तेही.

याच चाचणीत एक जुनं दुखणं बाहेर आलं. केबलने फोनमध्ये टाकलेल्या ॲपमध्ये ओटीपी यायचा, प्ले स्टोअरवरून उतरवलेल्यात नाही. कारण असं: आपण बंडल, म्हणजे ॲपची चढवायची फाइल, आपल्याकडच्या अपलोड-की या डिजिटल कीने सही करून देतो, पण लोकांपर्यंत जाणाऱ्या ॲपवर सही गूगलकडच्या कीची असते. आमचा ओटीपी पाठवणारी गूगलची सेवा म्हणजे फायरबेस, तिला ती की ओळखीची नसते. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे जिथून ॲप चढवतो त्या गूगलच्या साइटवर, ॲप साइनिंगच्या पानावर त्या कीचे ठसे, म्हणजे शा-१ आणि शा-२५६, मिळतात. ते फायरबेसच्या प्रकल्पात जोडले की झालं. दोन मिनिटांचं काम, शोधायला दोन रात्री.

ॲप लोकांची कोणती माहिती गोळा करतं ते सांगायचा गूगलचा डेटा सेफ्टीचा फॉर्म हा खरा पेपर. आपण काय गोळा करतो ते आपल्याला ठाऊक असतं, आपण जोडलेल्या लायब्ररी, म्हणजे इतरांचा तयार कोड, काय गोळा करतात ते नसतं. आम्ही नाव, नंबर, पत्ता लिहिला आणि जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळखक्रमांक) वापरत नाही म्हणून सांगितलं. पण ॲनालिटिक्सच्या, म्हणजे वापराची आकडेवारी ठेवणाऱ्या, लायब्ररीने त्या आयडीची परवानगी मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या लिहिलेली फाइल) परस्पर घातलेली होती, तिथेच विसंगती पकडली गेली. मॅनिफेस्टमध्ये ती परवानगी ‘रिमूव्ह’ म्हणून लिहिली की बांधणीत, म्हणजे कोडमधून ॲपची फाइल तयार होताना, गळून पडते. बंडल चढवण्याआधी लायब्ररींसकट एकत्र झालेलं मॅनिफेस्ट उघडून परवानग्यांची यादी वाचाच. क्रॅश, म्हणजे ॲप कोसळल्याचं, नोंदवणारी लायब्ररी असेल तर क्रॅश लॉगही फॉर्ममध्ये दाखवावे लागतात.

मराठी नावाबद्दल एक गोष्ट. प्लेवर नावाला ३० अक्षरं मिळतात, छोट्या वर्णनाला ८०. ही अक्षरं आपण पाटीवर मोजतो तशी नाहीत. ‘कार्यक्रम’ आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. काना आणि हलन्त धरून तो नऊचा भरतो. मंडळाचं पूर्ण नाव बसणार नाही, हे बैठकीत आधीच सांगून टाका, नाहीतर त्यावरच एक सभा होईल.

ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, आणि बांधणीसाठी मॅक हवा. चौदा दिवसांची अट नाही, उत्तर बहुधा दिवसाभरात येतं. म्हणून पहिला नकारही दिवसाभरातच आला: तपासणाऱ्याला लॉगिन करता आलं नाही. भारतीय नंबरवरचा ओटीपी त्याला मिळणार कसा? फायरबेसमध्ये चाचणीचे खोटे नंबर आणि त्यांचा ठरलेला सहा आकडी कोड नोंदवता येतो, त्यावर एसएमएस जातच नाही. असा एक नंबर आणि कोड तपासणीच्या टिपेत लिहून दिला. गूगलच्या ‘ॲप ॲक्सेस’ या लॉगिनची माहिती द्यायच्या रकान्यातही तोच दिला.

आत शिरल्यावर पुढची पायरी पिनकोडची. आमचं ॲप ४५२ ने सुरू होणारा पिनकोड नसेल तर ‘या भागात सेवा नाही’ म्हणून कोरा पडदा दाखवायचं. पुन्हा नकार: अपूर्ण ॲप, ॲपलच्या नियमावलीतलं कलम २.१. मग चाचणीच्या खात्यात इंदूरचा पत्ता आधीच भरून ठेवला आणि वेळापत्रक लॉगिनशिवाय उघडं केलं. तेही आवश्यकच होतं, कारण नुसता कार्यक्रम बघायला नंबर मागणं ॲपलला मान्य नाही. टिपेत इंग्रजीतून प्रत्येक बटणाचा अर्थ लिहिला आणि दीड मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं.

पैशांच्या बाबतीत गोंधळ करू नका. मोदक ही हातात मिळणारी वस्तू, त्यामुळे यूपीआय चालतं, ॲपलची खरेदीपद्धत लागत नाही. वर्गणी मात्र देणगीत मोडते. ॲपलकडून मान्यता घेतलेली संस्था नसेल तर ॲपच्या आत देणगी घेता येत नाही. बटण काढून टाकलं आणि सफारीत उघडणारी लिंक ठेवली. यूपीआय तपासणाऱ्याकडे नसणार, म्हणून ‘मोदक घेताना रोख’ हा पर्यायही ठेवला.

बाकी किरकोळ, पण प्रत्येकाने एक फेरी खाल्ली. कॅमेऱ्याची परवानगी मागताना ‘कॅमेरा हवा आहे’ एवढं पुरत नाही, ‘प्रवेशिकेवरचा क्यूआर कोड वाचण्यासाठी’ असं लिहावं लागतं. एका स्क्रीनशॉटच्या तळाशी अँड्रॉइडची तीन बटणं राहिली होती, तो बदलावा लागला. त्याला नवी बांधणी लागत नाही, चित्र बदलून उत्तर द्यायचं. फ्लटरचा प्रकल्प मुळात आयपॅडसाठीही असतो, आणि आयपॅडवर शेअरची खिडकी कुठून उघडायची ती जागा दिली नाही तर ॲप कोसळतं. हातात आयपॅड नव्हता, सिम्युलेटरवर (मॅकवरचा नकली आयपॅड) बघायचा आळस केला होता. खातं काढून टाकण्याची सोय दोघांनाही हवी: ॲपलला ॲपच्या आत, गूगलला त्याशिवाय वेबवरची लिंकही.

परवानगी मिळाल्यावर चाचणीचं खातं पुसू नका. प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा तपासणी होते आणि तोच नंबर वापरला जातो. फक्त त्या नंबरच्या ऑर्डरी सर्व्हरवरच वेगळ्या काढा. आमच्या स्वयंपाकघराच्या यादीत सकाळी २१ मोदक जास्तीचे आले होते. नाव ‘टेस्ट’, घ्यायची वेळ संध्याकाळी सहा, आणि वहिनींनी उकड काढायच्या आधी फोन करून विचारलं म्हणून कळलं.