बुचर हॉलर, आई आणि सतरा डॉलरची गिटार

ओहायो राज्यातल्या कोलंबसहून यूएस 23 हा महामार्ग धरला की ओहायो नदी ओलांडून आपण केंटकीत शिरतो. इथून पुढे याच रस्त्याला ‘कंट्री म्युझिक हायवे’ म्हणतात, इतके कंट्रीचे, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण गाण्याचे, गायक त्याच्या आजूबाजूच्या गावांतून निघाले. पेंट्सव्हिलजवळ व्हॅन लियर हे जुनं कोळसा-गाव लागतं. त्याच्या पलीकडे बुचर हॉलर, कंट्री गायिका लोरेटा लिनचं गाव. हॉलर म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ. समोरून गाडी आली तर कोणीतरी मागे जायचं, एवढाच रस्ता.

आई चंद्रपूरहून आलेली. बाबांची सगळी नोकरी कोळसा खाणीत गेली. खिडकीतून बघत ती म्हणाली, “हे तं आपल्या घुग्घुससारखंच दिसते. फक्त डोंगर जास्त हायेत.”

तिच्या माहेरच्या, वेब कुटुंबाच्या किराणा दुकानात थांबून पुढे घराकडे गेलो. चढावर लाकडी घर, पुढे पडवी. लोरेटा लिन इथे वाढली. वडील टेड वेब खाणकामगार, तिच्यासकट भावंडं आठ. थंडी आत येऊ नये म्हणून तिची आई भिंतींवर वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवायची. लोरेटा हे नावसुद्धा लोरेटा यंग या नटीवरून ठेवलेलं. शनिवारी रात्री बॅटरीवरच्या रेडिओवर नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. माझी आई खोलीच्या मधोमध उभी राहून मापं काढत होती. “आठ लेकरं? इथं?”

खरं सांगायचं तर मी जे बघायला आले होते ते इथे नव्हतंच. तिचं गाणं सुरू झालं ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात कॅनडाच्या सीमेजवळच्या कस्टर गावात. 1948 मध्ये ऑलिव्हर लिनशी लग्न झालं आणि दोघं तिकडे गेले. (ती तेव्हा तेरा वर्षांची होती असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2012 मध्ये जुनी कागदपत्रं उजेडात आली, तेव्हा पंधरा निघाली. आपल्याला दोन्ही आकडे ऐकून बरं वाटत नाही.) विशी उलटेपर्यंत चार मुलं. ती घरात गुणगुणायची, ते नवऱ्याने ऐकलं आणि 1953 मध्ये सतरा डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली. शिकवायला कोणी नाही, वाजवत वाजवतच हात बसला. गावच्या हॉलमध्ये, दारूच्या गुत्त्यांत गायला तिला त्यानेच उभं केलं. नवरा म्हणून तो सोपा नव्हता, हे तिच्या पुढच्या गाण्यांतून कळतंच. पण हा धक्का त्याचा, हेही तिने कधी लपवलं नाही.

नॉर्म बर्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याने पैसे घातले. 1960 मध्ये हॉलिवूडमध्ये तिची पहिली तबकडी निघाली, ‘आय ॲम अ हॉन्की टॉन्क गर्ल’ (हॉन्की टॉन्क म्हणजे गाण्याबजावण्याचा दारूगुत्ता). गाणं तिचंच. कंपनी इवलीशी, जाहिरातीला पैसा नाही. मग नवरा-बायकोने तबकड्या गाडीत टाकल्या आणि रेडिओ स्टेशनमागून स्टेशन पालथं घातलं. झोप गाडीतच. जेवण म्हणजे ब्रेडमध्ये घातलेलं बलोनी (स्वस्त सॉसेजचे काप) आणि चीज. स्टेशन आलं की ती गाडीतच चांगला फ्रॉक चढवायची आणि आत जाऊन सांगायची, हे माझं गाणं, लावा. त्या उन्हाळ्यात ते कंट्रीच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर पोचलं आणि ऑक्टोबरात ती स्वतः ‘ऑप्री’च्या मंचावर उभी राहिली. टेड वेब त्याआधीच, 1959 मध्ये गेले होते.

हे सगळं मी पडवीत बसून आईला सांगितलं. तिचं लक्ष मात्र पडवीच्या पायऱ्यांकडे. बाबा खाणीतून आले की आमच्याकडे पायरीवरच हातपाय धुवायचे. काळं पाणी अंगणभर व्हायचं आणि ती ओरडायची.

परतताना मी गाडीत तेच पहिलं गाणं लावलं. दारूत दुःख बुडवणाऱ्या बाईचं. आईला शब्द कळत नव्हते.

“रडून राहिली का ही?”

“हो.”

“पण आवाज कसा टणक हाय.”

लुइसाच्या आसपास भूक लागली. हॉटेल शोधू म्हटलं, तर आईने तोवर मांडीवर डबा उघडला होता. पोळ्या, जवसाची चटणी, कांदा. गाडी बाजूला घेतली आणि तिथेच खाल्लं.