तुम्ही विचारलंत म्हणून: टेन्शन नक्की कसलं?

"मुलगा मोठा झाला, शांतही झालाय. आता तुम्हाला टेन्शन कसलं?" लग्नकार्यात, जिन्यात, कधी लोकलमध्येही हे विचारतात. विचारणाऱ्याला काळजीच असते, म्हणून नीट उत्तर देते.

मुलगा चोवीस वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक). टेन्शन त्याचं नाही. त्याला कुणाच्या हवाली करून दोन तास निर्धास्त बाहेर पडता येत नाही, त्याचं आहे. रात्री तीनला उठून तो मोरीतला नळ सोडतो आणि धारेखाली हात धरून बसतो. आवाज आला की मी उठते, नाही आला तरी उठते. वर्षानुवर्षं अशी झोप मोडली की चिडचिड होते, पाठ धरते, कशात मन लागत नाही.

अठराव्या वर्षी शाळा संपली. तेवढे चार तास मोकळे मिळायचे, तेही गेले. वर तो कायद्याने सज्ञान झाला, म्हणजे त्याच्या वतीने सही करायची तर आम्हालाच पालकत्वासाठी अर्ज करायचा. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती ते देते. तो अर्ज हातात घेतला, की आमच्यानंतर कोण, हा विचार टाळता येत नाही.

दादरला दिव्यांगांच्या डब्यात चढलो की "धडधाकट तर दिसतोय" ऐकू येतं. मी यूडीआयडी कार्ड, म्हणजे त्याचं सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढेपर्यंत तो कान दाबून डोलायला लागलेला असतो. त्या दिवशी त्याचे बाबा घरी येऊन जेवतही नाहीत, बोलतही नाहीत. मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मीच त्यांना लावून दिला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि ते बोलले.

कृपा करून "थोर आई" म्हणू नका. तसं म्हटलं की दमले म्हणायची सोय राहत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. काळजी घेणं हे काम आहे असं सरकारनेच मानलंय, मग ते एकट्या आईच्या मायेवर का सोडायचं?

"काही लागलं तर सांगा" म्हणता, पण सांगवत नाही. त्यापेक्षा वार ठरवून या. मजल्यावरच्या काकू दर शनिवारी ४ ते ६ येतात. तो स्टीलच्या वाट्या लहानमोठ्या लावत बसतो, त्या भाजी निवडतात. मी तेवढ्यात बाजारात जाते, नाहीतर सरळ झोपते. अशी आणखी दोन माणसं मिळाली, तर आम्हा नवराबायकोला जोडीने एखाद्या लग्नाला जाता येईल.